नजर ठेवायचं काम

त्या मे महिन्यात आईने मला एक काम लावलं होतं. सकाळी सात ते नऊ मैदानाच्या कडेला दगडावर बसायचं आणि एका माणसावर नजर ठेवायची. त्या माणसाचं नाव साळवी. बसवर ड्रायव्हर होते, नुकतेच रिटायर झालेले, रेल्वेफाटकाच्या पलीकडे नव्या कॉलनीत राहायचे आणि आमच्या गावठाणातल्या लहान पोरांना सायकल शिकवायला यायचे. नुसती चालवायला नाही, रस्त्यावर नीट कसं वागायचं ते शिकवायला. त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही आणि कुणी त्यांना बोलावलंही नव्हतं. आमच्याकडे बोलावल्याशिवाय येणारा माणूस म्हणजे एक तर मोजणीवाला, नाहीतर जमिनी बघणारा. हा तिसराच कुणीतरी निघाला, आणि त्यामुळे लोकांना तो जास्तच खुपायला लागला.

आमचं गावठाण बोरिवलीच्या पश्चिमेला, तेव्हा चहूबाजूंनी भाताची खाचरं होती. वीस-पंचवीस घरं, मधे क्रूस, एक विहीर, आणि घरांमधून जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी घागर घेऊन आलं तर आपण ओट्यावर चढून उभं राहायचं. आम्ही ख्रिस्ती, पण घरात मराठीच. चर्चच्या आवारात शाळा होती ती चौथीपर्यंत. पाचवीला जायचं तर मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागे, आणि त्या रस्त्यावर खाणीच्या लॉऱ्या धावायच्या. मुलगे जायचे. मी चौथी पास झाले तेव्हा आई म्हणाली, पुरे झालं, आणि मी घरी बसले. त्यावर कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मी बोलणारी नव्हतेच.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ अंतोन चौथी पास झाला. तो अंगाने बारीक आणि डोक्याने भिरभिरा, एकटा मोठ्या रस्त्यावर सोडण्यासारखा नव्हता. बाबा गोरेगावला एका कारखान्यात फिटर होते. एक दिवस जेवताना त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, "फिलूने सायकल शिकावी. अंतोनला मागे बसवून नेईल. आणि रोज तिकडे जाणारच असेल तर बाहेर बसून काय करणार, तीही बसेल पाचवीत." माझ्या हातातला घास हातातच राहिला. तेराव्या वर्षी पाचवीत बसायची मला लाज वाटली असती, पण ती लाज मला हवी होती. बाबा पुढे म्हणाले, "पण तो ड्रायव्हर मला स्वतः सांगेल की ही पोर रस्त्यावर सोडायला हरकत नाही, तरच. ड्रायव्हर माणसाला रस्ता कळतो."

"आधी माणूस कळू दे," आई म्हणाली. "आठ दिवस ही नुसती बघत बसेल. तो काय करतो, कुणाशी बोलतो, सगळं मला येऊन सांगायचं."

मग मी दगडावर जाऊन बसले.

पहिल्या आठवड्यात साळवी मास्तरांनी एकाही पोराला सायकल चालवू दिली नाही. पोरं त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही मनात मास्तर म्हणू लागले. त्यांच्याकडे तीन लहान सायकली होत्या आणि एक बायकांची, मधला दांडा नसलेली. सगळ्या कुठून कुठून जुन्या आणून त्यांनीच दुरुस्त केलेल्या. पोरांनी सायकल धरून मैदानाला चकरा मारायच्या, मास्तर मधेच "थांब" म्हणाले की दोन्ही ब्रेक दाबायचे, आधी मागचा मग पुढचा, आणि सायकल कुल्ल्याला टेकवून उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी उतरायला शिकवलं. सायकल ते स्वतः धरायचे, पोर वर चढायचं आणि लगेच उतरायचं. वीस वेळा, तीस वेळा.

"मास्तर, चालवायची कधी?" अंतोन रडकुंडीला आला होता.

"चालवूक काय, कुत्रोय चालवीत शिकवलो तर," मास्तर म्हणाले. ते मालवणकडचे, बोलताना मधेच गावच्या भाषेवर जायचे. "उतरूक येना नाय म्हणून पोरां मरतत. आधी उतर."

घरी त्या दिवसांत मसाल्याची कांडणी चालू होती. आमच्याकडे वर्षाचा बाटली मसाला मे महिन्यातच होतो. अंगणभर चटयांवर मिरच्या वाळत पडलेल्या, त्यांच्यावरून चालताना पायांच्या तळव्यांना चटका बसायचा. आई ओट्यावर लोखंडी कढईत एकेक जिन्नस भाजायची. धणे, तीळ, खसखस, दगडफूल, त्रिफळ, नागकेशर, आणखी किती तरी. प्रत्येकाचा वास वेगळा, आणि सगळ्यांना शिंका येत असायच्या. मग उखळात दोन बाया समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारायच्या. एक आमची आई, दुसरी शेजारची रोझी मावशी. धप आणि लगेच धप, मधे श्वास घेण्याइतकीच जागा. कुटलेला मसाला काळपट बाटल्यांत भरायचा, काठीने ठासून, जरासुद्धा हवा राहता कामा नये. ठासायचं काम माझं. नऊ वाजता मैदानावरून आले की फडक्याने नाक बांधून मी बाटल्यांपुढे बसायची, आणि आई मुसळ न थांबवता विचारायची.

"काय केलं आज त्याने?"

"चालायला लावलं."

"सायकलवर?"

"सायकल धरून. बसू देत नाही कुणाला."

समोरच्या ओट्यावर जुजे काका बसलेले असायचे. त्यांच्या घराचा कोपरा गल्लीत पुढे आलेला, आणि तो कोपरा हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक विषय. ते म्हणाले, "म्हणजे शिकवायला येतो की सायकली हवा खायला आणतो? एवढी वर्षं बस चालवून डोकं फिरलं असेल रे त्याचं."

रोझी मावशी हसली आणि तिचं मुसळ चुकलं. आई हसली नाही. "आणखी काय?" म्हणाली.

हे "आणखी काय" मला नवीन होतं. मी बोलताना माणसं तोवर कधी थांबली नव्हती. घरात माझं बोलणं म्हणजे पाणी आणलं का, कोंबड्या कोंडल्या का, याची उत्तरं. आता मी एक वाक्य बोलले की तीन माणसं पुढच्या वाक्याची वाट बघत. मग दुसऱ्या दिवशी मैदानावर बसल्या बसल्या मी सांगण्यासारखं काय आहे ते शोधू लागले. मास्तरांनी पोरांचे डोळे रुमालाने बांधले आणि त्यांना मोठ्या रस्त्याच्या कडेला, चांगल्या वीस पावलांवर, ओळीने बसवलं. मागून येणारी गाडी कसली, लांब की जवळ, ते आवाजावरून सांगायचं. लॉरी, बस, टांगा, मोटारसायकल. पोरांना खेळ वाटला. मी घरी येऊन एवढंच सांगितलं की त्याने पोरांचे डोळे बांधले. आईचं मुसळ वरच राहिलं.

"डोळे कशाला बांधले?"

"काय माहीत," मी म्हणाले. मला माहीत होतं.

आता माझी नात चारकोपच्या ज्या शाळेत जाते तिथे मधे एकदा सायकलीचा दिवस होता. रंगीत टोप्या, जमिनीवर आखलेले पट्टे, शिट्ट्या. आईबाप कडेला उभे राहून फोनने फोटो काढत होते. एक बाई पोरांना सांगत होत्या, बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसला तर समजा तुम्ही त्याला दिसता, नाही दिसला तर तो तुम्हाला बघत नाहीये. मी बाकावर बसले होते. हेच वाक्य मी तेराव्या वर्षी दगडावर बसून ऐकलं होतं. मास्तर म्हणाले होते, एवढी वर्षं मी पोरं वरून बघितली, आरशात, काचेतून. खालून जग कसं दिसतं ते त्यांना कुणी विचारत नाही. नातीला मी हे सांगितलं नाही. तिला टोपीचं कौतुक होतं.

आठ दिवस झाले तरी आईने बघणं थांबव म्हटलं नाही आणि शीकही म्हटलं नाही. दहाव्या दिवशी मास्तर स्वतःच माझ्याकडे आले. चार हात लांब थांबले. "गो चेडवा, तू रोज येतंस, तुका सायकल नको?" मी मान हलवली, हो का नाही ते मलाच कळलं नाही. त्यांनी खिशातून कपड्याचा लाकडी चिमटा काढून माझ्याकडे टाकला. "फ्रॉकची कड त्यात धर. साखळीत जाता नये." आणि पाठ फिरवून ती बायकांची सायकल आणायला गेले.

त्या चिमट्याचा मी दिवसभर विचार केला. पुरुषाच्या खिशात कपड्याचा चिमटा कशाला? आधीपासूनच आणून ठेवला होता का? म्हणजे मी येणार हे त्याला माहीत होतं? संशयाची ही सवय आईने मला लावली होती आणि ती चटकन लागली. चिमट्याचं मात्र मी घरी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर सायकल बंद झाली असती, आणि मला दोन्ही हवं होतं, सायकलही आणि सांगायला काहीतरीही.

उतरणं मला बघून बघूनच येत होतं. चार दिवसांत मी चालवू लागले. सहाव्या दिवशी अंतोनला मागे बसवून मैदानाची चक्कर मारली. वळताना त्याने माझ्या कमरेला मिठी मारली, तरी सायकल डगमगली नाही. मास्तर म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझ्या बापाशीक भेटतंय. सांगतंय त्यांका, ह्या चेडवाक रस्त्यार सोडूक हरकत नाय." मी घरी गेले, आणि आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "आज त्याच्याकडे टेप होती."

ते खोटं नव्हतं. त्या सकाळी वर्ग संपल्यावर मास्तर गावठाणात आले होते, कापडी टेप घेऊन. अंतोनला टेपचं एक टोक धरायला दिलं आणि गल्ली मोजली, जुजे काकांच्या कोपऱ्याशी, विहिरीशी आणि क्रुसापाशी. वहीत काहीतरी काढलं. मग पोरांना एकेक करून विचारलं, तुझं घर कुठलं, घरातून निघून कुठून कुठून येतोस, आणि तेही लिहून घेतलं, बापाच्या नावासकट. पुरुष कामावर गेलेले, बायका कढईपाशी. जुजे काका दवाखान्यात गेले होते. मी एकटी पाहणारी.

"टेप?" आईने मुसळ उभं केलं.

"गल्ली मोजत होता. आणि वहीत घरं लिहिली."

समोरच्या ओट्यावर जुजे काका बसल्या जागी उठून उभे राहिले. "कुठली घरं? माझं लिहिलं?"

"तुमच्या कोपऱ्यापाशी मोजलं," मी म्हणाले.

हे काय बोलले ते आता कळतं. आदल्या वर्षी पलीकडच्या गावठाणात टेपवाले आले होते. कुणाशी न बोलता गल्ल्या मोजल्या, घरांच्या कोपऱ्यांवर लाल रेघा मारल्या आणि पावसाळ्यानंतर येऊन त्या रेघेपर्यंतचे ओटे, जिने, कुणाची अर्धी खोली, सगळं काढून टाकलं. रस्ता रुंद करायचा म्हणून. तिथल्या एका म्हाताऱ्याचा देव्हारा उघड्यावर आला होता, येशूची मूर्ती आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त गोणपाट. तेव्हापासून आमच्याकडे टेप आणि लाल रंग या दोन गोष्टींना माणसं सापाहून जास्त भीत.

दोन दिवसांनी लाल रंगही आला. मी विहिरीवरून येत होते, तर मास्तर जुजे काकांच्या कोपऱ्याशी उकिडवे बसून पिवळ्या डब्यातला गेरू चिंध्यांच्या बोळ्याने भिंतीला लावत होते. गुडघ्याच्या उंचीवर, हातभर लांब पट्टा. माझी घागर डोक्यावर, आणि कशी कुणास ठाऊक, मी बोलले. मी आपण होऊन परक्या पुरुषाशी बोलले ते आयुष्यात पहिल्यांदा.

"हे कशाला लावता?"

"खाली बस आणि बघ," ते म्हणाले. मी घागर उतरवून बसले. "लहान पोराच्या डोळ्यान बघ. ह्या कोनार समोरचा काय दिसता?"

काहीच दिसत नव्हतं. भिंत दिसत होती.

"म्हणान हयसर उतराचा. लाल दिसला की सायकलवरसून खाली, हातात धरून कोन पार करायचो. गावात अशे तीन कोन आसत, मी मोजले. गल्ली पाच फुटांपेक्षा अरुंद आसा तर दोघां सुटनत नाय." त्यांनी वही दाखवली. आमचं गावठाण त्यात आखलेलं, घरं चौकोनांनी, आणि प्रत्येक पोराच्या घरापासून मैदानापर्यंत टिंबांची एक वाट. आमच्या चौकोनावर लिहिलं होतं, अंतोन, फिलोमेना. माझं नाव मी शाळा सोडल्यावर पहिल्यांदा लिहिलेलं बघितलं.

मी घरी गेले. आई मसाल्याच्या शेवटच्या घाण्यावर होती. घरात सुक्या बोंबलाचं कालवण शिजत होतं, कैरी घातलेलं. जुजे काकांनी आपला कोपरा बघितला होता आणि ते आमच्या अंगणात उभे राहून आरडाओरडा करत होते. "वाट लागली. सांगत होतो ना मी. पोरांना फिरवून फिरवून घरं शोधली त्याने. कुणीतरी पाठवलेला माणूस आहे, ड्रायव्हर-बिव्हर काही नाही."

आई माझ्याकडे वळली. "तू बघितलंस त्याला लावताना?"

"हो."

"काही बोलला?"

आता सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, पोरांनी कुठे उतरायचं त्याची खूण आहे म्हणून. पण ते सांगितलं असतं तर काकांनी विचारलं असतं, मग टेपचं सांगितलंस तेव्हा हे का नाही सांगितलंस, डोळे बांधल्याचं सांगितलंस तेव्हा का नाही? आणि आणखी एक गोष्ट होती. मास्तरांचं म्हणणं मला पटलं होतं, पण पूर्ण पटलं होतं का? पाठवलेला माणूस असता तर त्यानेही गोड बोलून हेच सांगितलं असतं. वही दाखवली, पण वहीत आणखी पानं होती. असा विचार मी तेव्हा केला, आणि मला तो शहाणपणाचा वाटला.

"नाही," मी म्हणाले. आई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग कालवण ढवळायला आत गेली.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर माणसं घरी गेली नाहीत, क्रुसाच्या चौथऱ्यापाशी थांबली. चांगल्या कपड्यांतली चाळीसएक माणसं. बाबाही होते, मास्तर आज येऊन भेटणार असं अंतोनने सांगितलं म्हणून दाढी करून. मास्तर आले ते इस्त्रीच्या सदऱ्यात, सायकलीशिवाय, नुसती वही घेऊन. बाबांना भेटायला आले होते. त्यांनी गर्दी बघितली आणि हसून नमस्कार केला. कुणी परत केला नाही.

जुजे काकांनी सुरुवात केली. "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कोणी नाय. मी आपलो इलंय."

"आपले आले. आणि आपलेच मोजायला लागले?"

"ता पोरांसाठी. पोरांनी उतरायचा कुठे, ती खूण आसा."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरं उतरणार की आम्ही?" आणि माणसं हसली, वाईट हसली.

बाबा पुढे झाले. ते म्हणाले, "थांबा जरा, माणसाला बोलू द्या," पण जुजे काकांनी हात वर केला. "त्याला कशाला विचारता, याचीच पोर रोज तिथे बसते. फिलू, इकडे ये."

मला कुणी ढकललं आठवत नाही, पण मी पुढे होते. माझ्या मागे आई उभी होती, तिच्या लुगड्याला मसाल्याचा वास येत होता, रविवारच्या लुगड्यालाही.

"टेप लावून गल्ली मोजली की नाही?"

"मोजली."

"वहीत घरं लिहिली, नावांसकट?"

"लिहिली."

"लाल निशाणी याच्याच हातची?"

"हो."

"झालं तर," काका म्हणाले.

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांना राग आलेला नव्हता, तसं असतं तर बरं झालं असतं. "फिलोमेना, तू इचारलंस ना माका त्या दिवशी. मी काय सांगलंय, ता सांग गो."

चाळीस माणसं थांबली. तेवढी शांतता मला आयुष्यात पुन्हा कधी कुणी दिली नाही. मी माझ्या चपलांकडे बघत होते. एकीचा अंगठा उसवला होता. मी लाजरी होते, घसा बंद झाला, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण खोटं आहे ते. चार प्रश्नांना माझा घसा नीट उघडला होता. सगळे मला खरं बोलणारी समजत होते, आणि पाचवं खरं बोलले असते तर आधीची चारही पुसली गेली असती. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. पाचवीचा वर्ग, अंतोन मागच्या कॅरियरवर, बाबांचा शब्द, सगळं त्या माणसाच्या हातात होतं आणि मला ते माहीत होतं, तरीही.

"ऱ्हवांदे," मास्तर म्हणाले. "ल्हान आसा ती." वही काखेत धरून ते आले तसे परत गेले. दुसऱ्या दिवशी कॉलनीतला एकजण मैदानातून त्यांच्या सायकली घेऊन गेला. जुजे काकांनी नारळाच्या किशीने तिन्ही कोपरे घासले आणि वरून चुना मारला. पोरं आठवडाभर कुरकुरली आणि मग गोट्या खेळायला लागली.

जून लागला तेव्हा मी धीर करून बाबांना म्हणाले, "मला येते चालवता." ते मला मैदानावर घेऊन गेले, स्वतःच्या सायकलीवर बसवलं. दांड्यामुळे मला मधून पाय घालून चालवावी लागली, तरी मी चक्कर मारली. बाबा म्हणाले, "चालवतेस गं, छान चालवतेस. पण मोठ्या रस्त्याचं मला कळत नाही. ज्याला कळत होतं त्याला आपण घालवला." ते मला बोलले नव्हते, सगळ्या गावाला बोलले होते. अंतोन मोठ्या मुलांबरोबर चालत जाऊ लागला. मी कोंबड्या कोंडत राहिले, सहा वर्षांनी लग्न होऊन गेले.

मोजणीवाले पुढे आलेच, माझ्या लग्नानंतर. त्यांनी पिवळा रंग वापरला, आणि तो लावायच्या आधी कुणालाच काही विचारलं नाही. जुजे काकांचा कोपरा गेला, आमचा अर्धा ओटा गेला.

हे सगळं मी आईशी कधी बोलले नव्हते. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे चारकोपला राहायला आली, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती आणि मी स्वतः सासू झाले होते. एका दुपारी आम्ही दोघी चिंच निवडत बसलो होतो. खाली सोसायटीत एक माणूस आपल्या मुलीला सायकल शिकवत होता, मागे धावत होता, ओरडत होता. मी आईला म्हणाले, "आई, त्या साळवी मास्तरांनी मला सांगितलं होतं, लाल खुणा कशाला ते. मी तुला नाही म्हणाले."

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली. चिंचोके काढायचे थांबवले नाहीत.

"काय ठाऊक होतं?"

"तो गेरू आपल्या घरातला होता. सणाला ओट्याला लावायचा उरलेला. तो मागायला आला होता, तू विहिरीवर गेलीस तेव्हा. कशाला पाहिजे ते सांगूनच घेऊन गेला."

मी पिवळा डबा आठवून बघितला. तेलाचा डबा, तसले प्रत्येक घरात होते.

"मग तू का नाही बोललीस? रविवारी माझ्या मागे तर उभी होतीस."

"तू जायला नको होतीस म्हणून." तिने चिंचेचा एक दोरा काढून बाजूला टाकला. "त्या शाळेत गेली असतीस तर पुढे आणखी कुठे गेली असतीस. माझ्याकडे कोण होतं? तू बोलत नाहीस हे मला माहीत होतं. म्हणून मी गप्प बसले. तुझ्यामुळे नाही झालं ते, माझ्यामुळे झालं."

माझ्या हाताला चिंच चिकटली होती. मी म्हणाले, "खोटं बोलतेस तू. मला बरं वाटावं म्हणून."

"बोलत असेन," आई म्हणाली.

पुढे दोन वर्षं ती माझ्याकडे होती. मी पुन्हा दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने विषय बदलला. अंतोनने लहानपणी देव्हाऱ्यातल्या माउलीच्या मूर्तीची काच फोडली तेव्हा ती स्वतःच्या हातून फुटली असं तिने बाबांना सांगितलं होतं, आणि मुलीला घरात ठेवण्यासाठी एका भल्या माणसाला गावासमोर नागडं होऊ देणंही तिला जमलं असतं. दोन्ही बाया मी बघितल्या आहेत, दोघी माझी आईच. कुठली बोलत होती ते मला त्या दुपारी कळलं नाही आणि आता विचारायची सोय राहिली नाही. तेव्हा तिच्यावर चिडावं की तिच्या मांडीवर डोकं ठेवावं हे ठरेना, म्हणून मी उठून तिचा चहा ठेवला. साखर जास्त पडली. तिला गोड चालत नसे, पण त्या दिवशी तिने कप पुढे ओढला आणि सगळा चहा संपवला.